ऑलिव हॉल्डनची पायरी

"शांतता!" अशी आरोळी झाली, घोडागाडी पुढे सरकली, आणि अल्मा स्ट्रीटवरच्या बायकांच्या गप्पांना खरा रंग चढला.

आवाज मात्र एक नाही. ज्यांचा उभा जन्म कापडगिरणीत, कताईयंत्रांच्या खडखडाटात गेला, त्यांना बोलायला आवाज लागतोच कशाला? ओठ हलले की झालं. रस्त्याच्या या बाजूला आपल्या घराच्या दारात ऑलिव हॉल्डन उभी होती. अंगावर टीव्हीवाल्यांनी दिलेली राखाडी शाल, डोक्याला फडकं. समोरच्या दारात तिची शेजारीण नोरा पिलिंग, अगदी तस्साच अवतार. दोघींच्या मधून चंदेरी पोशाखावर लांब काळे कोट चढवलेले दोन नट ऐटीत चालले होते. ते म्हणे दूरच्या ताऱ्यांवर गस्त घालणारे शिपाई होते आणि काळाच्या भोकातून घसरून थेट व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात येऊन पडले होते.

"तुझी पायरी बघितलीस का गं?" नोराचे ओठ म्हणाले.

"कशी बघू? नाकासमोर बघायला सांगितलंय ना त्या मेल्याने."

"बघूच नकोस. गटार परवडलं."

आता असं म्हटल्यावर कोण बघणार नाही? ऑलिवने खाली पाहिलं आणि तिच्या तोंडून जो "अगंबाई!" निघाला तो काही नुसता ओठांचा नव्हता. घोडा बिचकला. दिग्दर्शकाने टोपी काढून जमिनीवर आपटली आणि सगळी घोडागाडी पुन्हा कोपऱ्यापर्यंत मागे नेण्यात आली.

ऑलिवचंही बरोबरच होतं. सकाळीच तिला चर्चच्या सभागृहात नेऊन कपडे चढवले होते, तिथून मागच्या गल्लीने तिच्याच घरात आणून पुढच्या दारात उभं केलं होतं. दाराबाहेर या लोकांनी काय दिवे लावलेत, ते तिला कळणार कुठून? तिच्या पायाखालची दगडी पायरी काळीकुट्ट झाली होती. कोपऱ्यांत चिखल थापलेला. कडेला कोबीची सडकी पानं. वरून पेंढा. काल संध्याकाळी तिने तीच पायरी गुडघ्यांवर बसून घासली होती, तिच्या कडांना पायरी घासायच्या पांढऱ्या दगडी वडीची रेघ मारली होती. टीव्हीवर येणार म्हणून जरा जास्तच मन लावून.

दुपारच्या सुट्टीत ती त्या माणसाला शोधतच निघाली. शोधायला फार लागलं नाही. खांद्यापर्यंत केस, नारिंगी विजार आणि कोपरापर्यंत काळे हात असा एकच प्राणी गल्लीत होता. ज्यूलियन त्याचं नाव, लंडनहून आलेला, आणि गल्लीचं रूप पालटायचं काम त्याच्याकडे होतं.

"पोरा, हे तू केलंस?"

"हो!" त्याचा चेहरा उजळला. "आवडलं? उजाडायच्या आधीपासून लागलोय. कोळशाची पूड, माती आणि पिठाची खळ. शंभर वर्षांची वाटते की नाही?"

"पायरी शंभर वर्षांची आहेच. घाण तेवढी आजची आहे."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी कौतुकच करतेय. मग त्याने बिचाऱ्याने सगळी गोष्ट नीट समजावून सांगितली. मालिकेच्या या भागातला राक्षस काजळीचा बनलेला असतो. तो धुराड्यातून उतरतो, मळावर जगतो, जिथे घाण तिथे फोफावतो. त्यामुळे गल्ली जेवढी घाणेरडी, तेवढी गोष्ट खरी. ऑलिवने सगळं ऐकून घेतलं. पोरगा मनापासून बोलत होता, त्याच्यावर ओरडणं तिला जमेना. पण मनातली सल काही गेली नाही.

ती सल कसली होती ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं सारं कळेल.

अल्मा स्ट्रीट पाडायची ठरली होती. नगरपालिकेने एकेका घराला कागद चिकटवले होते. लँकशरमधल्या कितीतरी गावांत तेव्हा हेच चाललं होतं. उन्हाळा संपला की माणसं टेकडीवरच्या उंच इमारतींत जाणार आणि इथे बुलडोझर येणार. पडायला टेकलेली, फरसबंदीची, गॅसच्या खांबांची गल्ली फुकटात मिळते म्हटल्यावर टीव्हीवाले धावत आले. 'अंतराळगस्त' ही मालिका शनिवारी संध्याकाळी अख्खा देश बघायचा. ऑलिवची मुलगी जून बघायची. आणि जूनची सासूही बघायची.

या विहीणबाई, मिसेस फेअरक्लफ, समुद्रकाठी सेंट ॲन्सला बंगलीत राहत. अल्मा स्ट्रीटवर त्या उभ्या आयुष्यात एकदाच आल्या होत्या, लग्न ठरलं तेव्हा. ऑलिवने केक केला होता, चांगले कप काढले होते. बाई आत आल्या, खुर्चीकडे पाहिलं, पर्समधून रुमाल काढला, खुर्चीवर अंथरला आणि मग त्यावर बसल्या. बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर ऑलिवने चार शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. तो रुमाल मात्र तिच्या जिव्हारी लागला होता, तो इतक्या वर्षांत निघाला नव्हता.

आणि आता त्याच विहीणबाईंना शनिवारी संध्याकाळी, रंगीत टीव्हीवर, तिची पायरी अशी दिसणार होती.

दुपारनंतर आणखी चार-पाच वेळा गल्लीतून घोडागाडी गेली. प्रत्येक वेळी "शांतता!" झाली आणि प्रत्येक वेळी दारांच्या दोन्ही ओळींतून ओठ हलत राहिले.

"सगळ्या देशाला वाटेल आपण डुकरं पाळतो," नोरा म्हणाली.

"माझी आई हे बघून थडग्यातून उठून बसेल," कोपऱ्यावरच्या घरातून कोणीतरी म्हणालं.

"मग उठायच्या आत उरकून टाकू," ऑलिवचे ओठ म्हणाले. "उद्या उजाडताच. ते यायच्या आत."

"सगळं?"

"सगळं."

दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून खुशीत येऊन म्हणाला, आजच्यासारखी शिस्तीची, गप्प गर्दी त्याला कुठेच मिळाली नव्हती.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात ऑलिवला जूनचा फोन आला.

"आई, कसं झालं गं? दिसशील ना नीट?"

"दिसेन की. दारातच उभी आहे."

"मी सासूबाईंना सांगून टाकलंय! त्यांनी त्यांच्या पत्ते खेळणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय. आमच्या सुनेच्या आईचं घर टीव्हीवर येणार म्हणून. तू ऐकायला हवं होतंस, चक्क मिरवत होत्या."

"बरं केलंस," ऑलिव म्हणाली. फोन ठेवला आणि दुकानातून सोड्याची दोन पाकिटं घेऊन घरी आली.

पहाटे तिला वाटलं होतं आपणच पहिल्या. दार उघडून बघते तर नोरा समोर गुडघ्यांवर, ढुंगण आभाळाकडे, घासतेय. हळूहळू दारं उघडत गेली. बादल्या निघाल्या, ब्रश निघाले. भंगारवाल्याकडून जुन्या कपड्यांच्या बदल्यात घेतलेल्या, कपाटात जपून ठेवलेल्या वड्या निघाल्या. कोणाची पांढरी, कोणाची साईच्या रंगाची. नुसत्या पायऱ्यांवर भागलं नाही. एकदा हात चालायला लागल्यावर बाईमाणूस थांबतं कुठे? खिडक्या धुतल्या. फरसबंदीवरचा चिखल झाडून खोऱ्याने ढिगाला लावला. पेंढ्याची नीट पेंडी बांधली. कोणीतरी तर टीव्हीवाल्यांनी आणखी आणून उभे केलेले खोटे गॅसचे खांबही पुसले आणि त्यांचा काळा रंग फडक्याला आला म्हणून टीव्हीवाल्यांनाच नावं ठेवली.

मोटारी आल्या तेव्हा अल्मा स्ट्रीट लखलखत होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या कडांच्या पायऱ्या, शेवटपर्यंत, एक सोडून नाही. ज्यूलियन उतरला. त्याने गल्ली पाहिली. मग तो जवळच्या पायरीवर मटकन बसला.

"ऊठ ऊठ, ओली आहे ती," नोरा म्हणाली. "आणि असा सुतकी चेहरा नको करूस. आम्ही तुझ्याकडून काही मागणार नाही. आमचं कामच आहे ते."

"बाई..." ज्यूलियनला शब्द सापडेना. "बाई, काल अर्धं चित्रण झालंय. घाणीत. आज उरलेलं अर्धं करायचंय. तेच शिपाई, तीच गल्ली, त्याच दिवशीची गोष्ट. काल दार उघडताना काळी पायरी, आत शिरताना पांढरी? असं कसं चालेल?"

हे काही कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नोराने ऑलिवकडे पाहिलं. ऑलिवने बादलीकडे.

दिग्दर्शकाने या खेपेला टोपी आपटली नाही, तेच जास्त भीतीचं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, रस्ता नगरपालिकेचा आहे, तो आपण परत काळा करू. पण पायऱ्या भाडेकरूंच्या आहेत, त्यांची कालही परवानगी घ्यायला हवी होती, ती कोणी घेतली नाही. आता विचारा. नाही म्हणाले तर कालचं सगळं टाकून द्यायचं आणि लंडनला जाऊन स्टुडिओत लाकडी गल्ली उभी करायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय ते सांगा.

ज्यूलियन दारोदार फिरला. प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं: ऑलिव हो म्हणाली तर आमचं हो. राक्षस तिच्याच दारात यायचा होता, कॅमेरा तिच्याच पायरीकडे तोंड करून उभा होता. आणि तसंही, अल्मा स्ट्रीटवर पायरीच्या बाबतीत ऑलिवचा शब्द शेवटचा, हे काही लिहून ठेवायला लागत नव्हतं.

ती त्याला आत घेऊन गेली. चहा ओतला, तिथल्या रिवाजाप्रमाणे कडक, दुधाचा, भरपूर साखरेचा. तो खुर्चीत बसला, रुमाल न अंथरता.

"हे बघ," ती म्हणाली, "तू चांगल्या घरचा मुलगा दिसतोस, म्हणून सांगते. मी याच घरात जन्मले. आईने मला वडी धरायला शिकवली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. लढाईत बॉम्ब पडायचे, सकाळी बाहेर आलं की सगळीकडे काचा आणि धूळ. आम्ही आधी पायरी घासायचो, मग कोण मेलं ते बघायला जायचो. माझा नवरा वॉल्टर गेला, तेव्हा त्याला न्यायला माणसं यायची होती. जून रडत होती, ही समोरची नोरा रडत होती. मी बाहेर जाऊन पायरी घासली. त्याला शेवटचं त्या पायरीवरून न्यायचं होतं ना. ती घाण कशी ठेवणार? आता तूच सांग, मी तुला काय म्हणून हो म्हणू?"

ज्यूलियनने कप खाली ठेवला. तेवढा समंजसपणा त्याच्यात होता, त्याने वाद घातला नाही.

"नका म्हणू," तो म्हणाला. "मी जाऊन सांगतो. तुमच्या जागी माझी आजी असती तर तिने मला बादलीतच बुडवलं असतं." मग उठता उठता भिंतीकडे बघून त्याने सहज विचारलं, "हे फोटो कुठले?"

"ब्लॅकपूलचे. गिरणीला सुट्टी लागली की दर वर्षी जायचो."

"आणि घराचा? गल्लीचा?"

"गल्लीचा फोटो कोण काढतं रे? गल्ली काय, रोजचीच."

बोलली आणि ती थबकली. भिंतीवर सगळीकडे समुद्र होता. वॉल्टर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात, जून गाढवावर बसलेली, आई खुर्चीत टोपी धरून. साऱ्या जन्मात वर्षातून एक आठवडा जिथे गेलो, त्या जागेचे एवढे फोटो. आणि जिथे जन्म काढला त्या दाराचा एकही नाही. नोराकडेही नसणार. गल्लीत कोणाकडेच नसणार. उन्हाळा संपला की बुलडोझर येणार, आणि मग कुणी विचारलं कुठे राहायचात, तर हात करून दाखवायलाही काही उरणार नाही.

"कालचं टाकून देतील म्हणालास. टाकतील म्हणजे काय करतील?"

"काय करणार, कचऱ्यात जाईल."

"त्यात नोराची खिडकी आहे?"

"सगळी गल्ली आहे, मिसेस हॉल्डन. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मीच आग्रह धरला होता, एवढी सुंदर गल्ली सबंध घ्या म्हणून."

"सुंदर म्हणालास?"

"सुंदरच आहे. म्हणून तर आलो."

ऑलिव उठली. खिडकीशी गेली, पडदा सरकवून पाहिलं. समोर नोरा हाताची घडी घालून उभी होती. ओठांनी तिने विचारलं, काय ठरलं? ऑलिवने पडदा परत ओढून घेतला. तिला एका बाजूला विहीणबाईंचा रुमाल दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला कचऱ्यात गेलेली अख्खी अल्मा स्ट्रीट. रुमालाचा राग तिला आता फार लहान वाटायला लागला, पण गेला होता असं नाही. तो तसाच होता. त्याला घेऊनच तिला निवड करायची होती.

"ब्रश कुठे आहे तुझा?" तिने विचारलं.

"गाडीत. मी करतो ना, तुम्ही बसा."

"तू हात लावशील तर बघ! माझी पायरी घाण करायची तर ती मी करीन. दुसऱ्या कोणाची छाती नाही व्हायची."

ती बाहेर आली, गुडघ्याखाली रोजची चटई टाकली आणि ज्यूलियनचं काळं पातेलं जवळ ओढून घेतलं. गल्ली बघत होती. ब्रश बुडवला. पहिला हात मारायला तिला वेळ लागला, कारण मनगट ऐकेना. जन्मभर जे काढलं ते घालायचं होतं. मग तिने कडेपासून सुरुवात केली, रोज घासायची तशीच. पांढरी रेघ काळ्याखाली गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते काळ्या हातानेच पुसलं.

"कोपऱ्यांत जास्त," ज्यूलियन हळूच म्हणाला. "मध्ये पाय पडून झिजतं ना."

"कळतं मला. गप्प बस."

तिचं होईपर्यंत समोर नोरा पातेलं मागायला आली होती. मग तिसरी आली. मग काय, अल्मा स्ट्रीटच ती! जे करायचं ते दुसरीपेक्षा चांगलं करायचं, हे तिथल्या बायकांच्या रक्तातच होतं. तासाभरात ओठांची भाषा सुटली आणि गल्लीभर आरडाओरडा सुरू झाला.

"ही काय घाण म्हणायची? माझी बघ! चिखल कसा बसलाय बघ!"

"तुझा चिखल काल आल्यासारखा वाटतो. माझा आजोबांच्या वेळचा आहे."

"नोरा, कोबीची पानं सगळी तूच घेतलीस. दे इकडे!"

"नाही देत. सडवायला मेहनत घेतलीय मी."

शेवटी ज्यूलियनला हात जोडून सांगावं लागलं, बायांनो, थोडं कमी करा, कालच्यापेक्षा घाण झाली. तेव्हा नोरा म्हणाली, "कालची तू केली होतीस ना, म्हणून." आणि सगळी गल्ली हसली. दिग्दर्शकसुद्धा हसला.

दुपारी राक्षस आला. काळी पोती शिवून त्यात एक उंच माणूस घातला होता, तो चालताना काजळी सांडत जायचा. ऑलिवने दार उघडायचं, त्याला बघून घाबरायचं आणि दार लावून घ्यायचं, एवढंच काम होतं. पहिल्या खेपेला तिला हसू आलं, कारण त्याच माणसाला तिने मघाशी सँडविच खाताना पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला त्या पोत्यातल्या माणसाने आपला चिकट, ठिबकणारा पाय पायरीच्या बरोब्बर मधोमध ठेवला आणि फिरवला. ऑलिवने त्या पायाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, हात तोंडाशी गेला.

"अप्रतिम!" दिग्दर्शक ओरडला. "हीच भीती हवी होती! झालं, घेतलं!"

हिवाळा आला. अल्मा स्ट्रीट तोवर उरली नव्हती. ऑलिव टेकडीवरच्या इमारतीत राहत होती, नोरा दोन मजले खाली. तो भाग लागायचा होता त्या शनिवारी जूनने आईला बोलावलं, आणि सासूबाईंनाही. टेबलावर डब्यातल्या सॅमन माशाची सँडविच होती, पीच आणि साय होती. मिसेस फेअरक्लफ सोफ्यावर पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. ऑलिव त्यांच्या शेजारी.

टीव्हीवर धूर आला, घोडागाडी आली. चंदेरी शिपाई कोपऱ्यावरून वळले आणि सगळी अल्मा स्ट्रीट समोर उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जून किंचाळली, "आई, तो बघ आपल्या दारापुढचा दिवा!" ऑलिव एकेक दार बघत होती. नोरा दिसली. कोपऱ्यावरचं दुकान दिसलं, त्याच्या पाटीवर खोटी पाटी लावली होती तरी तेच होतं ते. मग तिचं दार उघडलं आणि दारात ती स्वतः, आणि तिच्यापुढे तो काळा पाय. पायरी पडदाभर दिसत होती. चिखल, काजळी, कोबीचं पान.

"अरे देवा," मिसेस फेअरक्लफ म्हणाल्या. मोठ्याने म्हणायचं नसावं, पण म्हणून गेल्या. "अशा घाणीत राहत होता तुम्ही?"

जून लालबुंद झाली. "अहो आई, तसं नाहीये ते. ते टीव्हीवाल्यांनी घातलं होतं सगळं, मुद्दाम. आमच्या आईची पायरी कधी—"

"थांब गं," ऑलिव म्हणाली. "टीव्हीवाल्यांनी नाही. मी केलंय ते."

विहीणबाई तिच्याकडे वळल्या.

"हे कोपरे बघा," ऑलिव पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "किती दाट बसलंय. आणि मध्ये कसं विरळ होत गेलंय, पाय पडून झिजल्यासारखं. सकाळचा सगळा वेळ गुडघ्यांवर बसून केलंय. त्या पोराचं एवढं चांगलं नव्हतं. त्यानेच कबूल केलं." तिचा आवाज जराही कापत नव्हता. "अख्ख्या गल्लीत माझी सगळ्यात घाण होती. नोराला विचारा."

मिसेस फेअरक्लफ यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, पण दार आता बंद झालं होतं आणि राक्षस छपरांवरून पळत होता.

"आणि मग?" त्यांनी विचारलं. "ते गेल्यावर?"

"मग काय, घासली. त्याच संध्याकाळी. सगळ्यांनीच."

"पण ती घरं तर पाडायची होती ना?"

"हो."

"मग कशाला?"

ऑलिवला त्या प्रश्नाचा राग आला नाही. बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे तिला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"पाडायला आले त्या दिवशीसुद्धा घासली," ती म्हणाली. "मी आदल्या दिवशीच सामान हलवलं होतं. सकाळी पहिल्या बसने परत गेले. आत काही नव्हतं, पडदेही काढले होते. वडी होती ती सगळी संपवली. मग कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. माणसं आली, पहारी घेऊन. दांडगी माणसं. त्यातला पुढचा माझ्या दाराशी आला आणि थांबला. खाली बघितलं त्याने. पायरी ओली होती अजून. मग लांब ढांग टाकून, वर पाय न ठेवता, तो आत गेला. मागचे दोघेही तसेच गेले." तिने कप खाली ठेवला. "आणि मग आतून भिंत फोडायला लागले."